‘किरकोळ बिघाड’ सांगून विकलेले इंजिन

मला रेल्वे इंजिनाचे एक छोटे मॉडेल विकणाऱ्या विक्रेत्याची गेल्या आठवड्यात नवी जाहिरात दिसली आणि तिच्यात ‘किरकोळ बिघाड, ब्रश बदलले की चालेल’ हे माझ्या वेळचेच शब्द होते, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. त्याचे नाव येथे देत नाही. जुने मॉडेल इंजिन घेऊन दुरुस्त करू पाहणाऱ्यांना त्याची पद्धत कळली तरी पुरे.

माझे आजोळ भिवापूरचे. नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी 2019 मध्ये गेज बदलण्यासाठी बंद झाली, आणि तेव्हापासून तिच्यासारखे काहीतरी घरच्या टेबलावर चालावे असे मनात होते. त्या मार्गाच्या रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर होते. 1:87 या प्रमाणात ते जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर भरते, आणि 9 मिलिमीटरच्या रुळांवर धावणारी ‘एचओई’ ही मॉडेलची श्रेणी त्याच्या सर्वांत जवळ येते. या श्रेणीत ऑस्ट्रियातल्या 760 मिलिमीटरच्या रेल्वेंची इंजिने पुष्कळ मिळतात. आपली नव्हेत, पण डोळे किलकिले करून पाहिले तर चालून जातात. असेच एक वाफेचे इंजिन नागपुरातच साडेसहा हजारांना विकायला निघाल्याचे समजल्यावर माझे अर्धे डोके तिथेच बंद पडले असावे.

आम्ही सीताबर्डीवर एका चहाच्या टपरीशी संध्याकाळी भेटलो. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, “काका, खोटं कशाला बोलू, हे नीट चालत नाही. ब्रश झिजले आहेत. बाकी माल एकदम चांगला आहे.” या एका वाक्याने मी फसलो. आपण होऊन दोष सांगणारा माणूस दुसरा दोष लपवत असेल, असे सहसा मनात येत नाही. त्याने इंजिन हातात उलटे धरले, नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा चाकांना टेकवल्या, आणि चाके अडखळत का होईना पण फिरली. मोटरला करंट पोहोचवणारे कार्बनचे ब्रश झिजले की असेच होते हे मला माहीत होते, त्यामुळे त्याचे निदान मला माझेच वाटू लागले.

वरची बॉडी काढून आत पाहू का, असे मी विचारले. क्लिपा नाजूक आहेत, तुटल्या तर भाव पडेल, आणि रायपूरचे एक गिऱ्हाईक उद्या येणार आहे, असे त्याने सांगितले. पहिली सबब खरीही असू शकते, म्हणूनच ती पटली. रूळ सोबत नव्हते, त्यामुळे इंजिन स्वतःच्या वजनावर, डबे ओढत चालताना मी पाहिलेच नाही. हवेत फिरणाऱ्या चाकांवर कसलाच भार नसतो. मी मनात हिशोब केला: इंजिनाचे साडेसहा हजार, ब्रश आणि किरकोळ सुट्या भागांचे दीड हजार, आणि नवे इंजिन परदेशातून मागवायचे तर सीमाशुल्क धरून याच्या तिप्पट. हिशोबात चूक नव्हती. चूक एवढीच होती की दुरुस्तीचा आकडा मी विक्रेत्याने सांगितलेल्या बिघाडावरून काढला होता. सहा हजारांवर सौदा ठरला, दोन हजार बयाणा तिथेच दिला आणि दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे देऊन इंजिन घरी आणले. पावती मागितली नाही.

ब्रश मागवले, तीन आठवडे वाट पाहिली, आणि मग इतवारीत घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे गेलो, कारण इतके बारीक काम माझ्या हाताने होत नाही. बॉडी निघेना. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि क्लिपांच्या फटीत भरलेला सुपर ग्लू दाखवला. पातळ पात्याने तो कापून बॉडी उचलल्यावर खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर भस्मासारखी करडी भुकटी पडली. आतला धातूचा सांगाडा मधोमध फुगून किंचित कमानीसारखा वाकला होता, आणि त्यावर उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या भेगा होत्या. भेगांवर ताजा काळा रंग होता. तो रंग मी नखाने खरवडला, तर त्याखालून सांगाड्याचा एक कोपराच हातात आला. “भाऊ,” ते म्हणाले, “मोटर धडधाकट आहे, याची हाडंच गेली आहेत.”

अशा सांगाड्याच्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतकामाच्या वेळी शिसे किंवा कथील यांसारखी भेसळ राहिली, तर तो वर्षानुवर्षे आतल्या आत गंजत फुगतो आणि शेवटी भुगा होतो. दमट आणि उष्ण हवेत हे लवकर घडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत हा रोग सर्रास सापडतो, पण अलीकडच्या इंजिनांनाही तो झालेला आहे. यावर उपाय नाही. गिअर फुटला तर नवा बसतो, मोटर जळली तर बदलता येते, चाकांवरची काजळी स्पिरिटने निघते. पण फुगलेला सांगाडा धुऱ्यांना आवळून धरतो आणि तो घासून सरळ करायला जावे तर तुटतो. खरे म्हणजे हा दोष बॉडी न काढताही जाणवला असता. सपाट काचेवर इंजिन ठेवले असते तर एका टोकाची चाके अधांतरी राहिलेली दिसली असती, आणि बोटाने ढकलून पाहिले असते तर जडपणा कळला असता. टपरीच्या टेबलावर काच होती. तिच्यावर आमचे चहाचे ग्लास होते.

मी विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “काका, बिघडलेलं आहे हे मी आधीच सांगितलं होतं ना?” यावर काय बोलावे ते मला सुचले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने फोन उचलणे बंद केले. भेगांवर ज्याने रंग लावला त्याला त्या ठाऊक होत्याच, पण तो रंग यानेच लावला हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होते? सौद्याच्या वेळी बॉडी चिकटवलेली होती याचा एक फोटोसुद्धा नव्हता. घरी पत्नीने एवढेच म्हटले की मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयातली इंजिनेही जागची हलत नाहीत, पण त्यांचे तिकीट स्वस्त होते.

बॉडी तेवढी शाबूत आहे. 9 मिलिमीटरच्याच रुळांवर चालणाऱ्या ‘एन’ श्रेणीतल्या एखाद्या लहान इंजिनाच्या सांगाड्यावर ती बसवता येते, असे बरेच जण करतात. तसे एक इंजिन पाहून ठेवले आहे. बघायला जाताना दोन फूट रूळ, कंट्रोलर आणि काचेचा एक तुकडा बरोबर नेणार आहे, आणि बॉडी उघडू दिली नाही तर चहा पिऊन परत येणार आहे.