डब्यातला शेक की डाळव्याचं ताक: एक जेवण पेल्यावर आणायचं असेल तर

वजन उतरवण्यासाठी दिवसातलं एक जेवण पेल्यावर आणायचं, इथपर्यंत तुमचं ठरलं आहे असं धरून चालतो. कॅलरी म्हणजे काय, प्रथिनं कशाला लागतात, हे सांगत बसत नाही. प्रश्न एवढाच, की पेल्यात काय घालायचं: मील रिप्लेसमेंटची तयार पावडर, की घरी डाळव्याचं (पंढरपुरी डाळ्याचं) पीठ आणि दही घुसळून केलेलं ताक. वजन दोन्हींनी उतरतं. मी घेतो ते दुसरं. पण काही बाबतींत डब्याचं पारडं खरोखरच जड आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

त्याआधी एक हिशेब, कारण तो चुकला तर पेल्यात काहीही घाला, काटा हलणार नाही. बहुतेक जण नाश्ता बंद करून त्या जागी शेक घेतात. पण ५० ग्रॅम कोरडे पोहे, दोन चहाचे चमचे तेल आणि चमचाभर शेंगदाणे मिळून सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी होतात. तिथे तीनशेचा पेला आणून वाचलं काय? रात्रीचं जेवण बघा: ३० ग्रॅम कणकेची एक, अशा तेल लावलेल्या तीन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी आणि वर भाताची एक मूद. सहज सातशेच्या घरात जातं. पेला तिथे ठेवला की रोजच्या चारशे कॅलरी कमी होतात. ज्यांचं दुपारचं जेवण मोठं असतं, त्यांनी दुपारचं बदलावं. नाश्त्याला हात लावण्याचं कारण बहुतेकांना नसतं.

आता डबा. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने जेवणाऐवजी घ्यायच्या अशा तयार अन्नासाठी माप घालून दिलं आहे: एका वेळी २०० ते ४०० कॅलरी, त्यांतल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांमधून, चरबीतून फार तर ३० टक्के, शिवाय जीवनसत्त्वं आणि खनिजं ठरलेल्या प्रमाणात. चांगला डबा हे पाळतो. लोह, जस्त, आयोडीन, बी-१२ एकाच पेल्यात बसवणं घरच्या स्वयंपाकघरात जमत नाही, हे मान्य करायला हवं. दुसरं म्हणजे, डब्याला विचार लागत नाही. रात्री साडेनऊला दमून घरी आलेल्या माणसाला 'दोन चमचे पावडर, ढवळ, पी' एवढंच जमतं, आणि त्या वेळी तेच कामाला येतं.

तिसरं, सगळीच जेवणं बदलायची असतील तर डब्याला पर्याय नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्यांना ३ ते ५ महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवलं होतं, त्याही फक्त ठरवून दिलेल्या शेक आणि सूपमधून. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. वर्षाअखेर त्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ४ टक्के. मात्र तिथे मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी बंद केली होती, नंतर जेवण टप्प्याटप्प्याने परत आणलं होतं, आणि या सगळ्यावर दवाखान्याची नजर होती. घरचं ताक तीन वेळा पिऊन याची नक्कल करू नये. डबा आणूनही डॉक्टरांशिवाय करू नये.

लोक फसतात ते डब्याच्या लेबलवर. 'एका सर्व्हिंगमध्ये अमुक इतकी प्रथिनं' हा आकडा पुष्कळदा साय काढलेलं दूध धरून दिलेला असतो. २५ ग्रॅम पावडर नुसत्या पाण्यात ढवळली तर शंभरेक कॅलरीच पोटात जातात. ते जेवण होत नाही, आणि दहा वाजता फ्रिज उघडला जातो. उलट तीच पावडर ३०० मिली म्हशीच्या दुधात घातली तर दुधाच्याच सव्वातीनशे, वर केळं घातलं की बेरीज पाचशेच्या पुढे. दोन्ही माणसं प्रामाणिकपणे सांगतात, 'मी शेकच घेतोय.' म्हणून 'सर्व्हिंग'चा रकाना सोडून १०० ग्रॅमचा रकाना वाचा आणि दुधाचा हिशेब वेगळा करा. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये दीड. शेकला डबल टोन्ड पुरतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिल्या तिनांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पूड) दिसलं तर डबा परत ठेवा. नुसतं व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांची पावडर) हेही जेवण नव्हे: एका चमच्यात १२० कॅलरींच्या आसपास, आणि जवळजवळ सगळी प्रथिनंच.

करताना आधी पातळ पदार्थ, मग पावडर. उलट केलं की तळाशी लगदा बसतो. गरम दुधात घातली तर व्हेची प्रथिनं आकसून गुठळ्या होतात. दाटपणासाठी घातलेला ग्वार गम किंवा झँथन गम असलेला शेक पंधरा मिनिटं ठेवला की चमच्याने खावा लागतो, म्हणून ऑफिसात प्यायचा असेल तर कोरडी पावडर न्या आणि तिथे ढवळा. चमचा आकारमान मोजतो, वजन नाही; खाली दबलेली पावडर त्याच चमच्यात जास्त भरते, तेव्हा निदान एकदा तरी काट्यावर मोजून बघा. शेकरच्या झाकणाचे आटे आणि रबराची रिंग लगेच धुवायला हवी. दुपारपर्यंत राहिली तर वास बसतो आणि साबणाने जात नाही. खाण्याचा सोडा घालून पाणी रात्रभर ठेवावं लागतं.

इतकं सगळं डब्याच्या बाजूने असूनही माझ्यासाठी निकाल लागला तो गोडपणावर. व्हॅनिला, चॉकलेट, आंबा, कुल्फी: दुकानात जे मिळतं ते बहुतेक सगळं गोड. साखर नसेल तर सुक्रालोज हे कृत्रिम गोडीचं द्रव्य असतं, आणि त्याची गोडी जिभेवर साखरेहून जास्त वेळ रेंगाळते. एखादा दिवस बरं वाटतं. पण रात्रीच्या जेवणाच्या जागी गोड दूध प्यायलं की जेवण झालं असं वाटतच नाही, मुळात सुरूच झालं नाही असं वाटतं. आपल्या ताटात गोड असलं तरी त्याच्या शेजारी मीठ, लिंबू, लोणचं, कोशिंबीर असते. नुसत्या गोडावर जीभ अर्धवट राहते आणि तासाभराने काहीतरी खारं मागते. मग चिवड्याचा डबा. ५० ग्रॅम तळलेल्या चिवड्याच्या अडीचशे कॅलरी कुठे गेल्या नाहीत, आणि शेकने वाचवलेल्या चारशेतल्या निम्म्याहून जास्त तिथेच परत आल्या. याला मी शास्त्र म्हणत नाही. गोड खाऊन तृप्त होणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्यांच्यासाठी हा मुद्दाच उरत नाही. 'डायरेक्ट'मधल्या लोकांना निदान सूप तरी होतं.

घरचं ताक इथे बाजी मारतं, कारण ते खारं आहे. पण 'थोडं पीठ, थोडं दही' असं केलं तर त्यात प्रथिनं अपुरी पडतात आणि मग शेकवाल्यांचं म्हणणं खरं ठरतं. माप असं: ४० ग्रॅम डाळव्याचं पीठ, टोन्ड दुधाचं १५० ग्रॅम दही, ५ ग्रॅम भाजलेल्या जवसाची पूड आणि १० ग्रॅम बिनचवीचं, बिनगोडीचं व्हे. बेरीज साधारण ३०० कॅलरी, प्रथिनं २२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रथिनं आणि चरबी यांपुरतं तरी कोडेक्सच्या मापात बसतं. व्हे नको असेल तर पीठ ३० ग्रॅम करा आणि साय काढलेल्या दुधाची २० ग्रॅम भुकटी घाला. प्रथिनं २० ग्रॅमपर्यंत येतात, चव किंचित गोडसर होते. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी भुकटीच्या वाटेला जाऊ नये. दही बहुतेकांना चालतं, भुकटीतलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पोट फुगवतं.

डाळवं म्हणजे चिवड्यात घालतो ते पंढरपुरी डाळं. सर्दावलेलं असेल तर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, पूर्ण गार होऊ द्या, मग दळा आणि चाळा. कोमट असताना दळलं तर भांड्यात वाफ धरते आणि पीठ गोळा होतं. तयार 'सातूचं पीठ' आणू नका. आपल्याकडच्या सातूत गहूही असतो, म्हणजे प्रथिनांचं गणित बिघडतं. कच्चं बेसन तर अजिबात नको, ते न शिजवता नीट पचत नाही. पीठ आठवड्यापुरतंच दळावं. जवसाची पूड फ्रिजमध्ये ठेवावी, कारण ती लवकर खवट होते आणि एक खवट चमचा सगळा पेला घालवतो.

आधी पिठात ५० मिली पाणी घालून गुठळी मोडा आणि पाच मिनिटं भिजू द्या. ही पाच मिनिटं वाचवली तर पेला पिठूळ लागतो आणि तळाशी गाळ बसतो. मग दही १०० मिली पाण्यात घुसळून त्यात ओता. पाव चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, किसलेलं आलं, कोथिंबीर, हवी तर मिरची ठेचून. व्हे सगळ्यात शेवटी, रवीने, हलक्या हाताने; मिक्सरमध्ये घातलं की पेलाभर फेस होतो. पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास मीठ. रक्तदाब असेल तर निम्मं करून लिंबू पिळा. फोडणीचा मोह होतो, पण चमचाभर तुपाच्या ४५ कॅलरी मोजायला विसरू नका.

डाळव्याने काहींना गॅस होतो. पहिले काही दिवस २० ग्रॅम पिठाने सुरुवात करून हळूहळू वाढवलं तर पोटाची तक्रार बरीच कमी राहते. डब्यातल्या इन्युलिनसारख्या तंतूंनीही गॅस होतो, फक्त तिथे तंतूंचं माप वेगळं कमी करायची सोय नसते. आणि पेला कुठलाही असो, शेजारी चावायला काकडी, गाजर किंवा मुळा हवा. तीनशे कॅलरी दोन मिनिटांत घशाखाली गेल्या तर मेंदूपर्यंत निरोप पोचत नाही.

ताक कुठे हरतं? प्रवासात. मे महिन्यात लोकलने नेलेलं दही दुपारी आंबून जातं. कोरडं मिश्रण डबीत नेऊन दही तिथे विकत घेणं हा मार्ग आहे, पण मसाला ताकाचं खोकं त्या जागी चालत नाही, ते फार पातळ असतं. शिवाय शाकाहारी माणसाच्या बी-१२ची आणि लोहाची पुरेशी भर ताकाने होत नाही, तेव्हा उरलेली दोन जेवणं नीट असायला हवीत. आणि वजनकाटा न वापरणाऱ्या माणसाच्या हातात ४० ग्रॅमचे ७० कधी होतात ते कळत नाही. अशा माणसाला खरं तर डबाच बरा. खर्च मात्र व्हे धरूनही डब्यापेक्षा कमी येतो. आणि काही शेकवाल्यांसारखा ताक पिणारा माणूस महिन्याभराने शेजाऱ्यांना ताक विकायला येत नाही, हाही एक फायदा.

औषधांचं दोन्हीकडे सारखंच. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम चारशे कॅलरी कमी केल्या तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा सोया असलेला शेक यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. सकाळी गोळी आणि लगेच शेक ही जोडी म्हणूनच वाईट. वजन फार झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं, यांत दोन्ही पेले डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

तरीही डबाच घ्यायचा असेल तर सगळ्यात लहान घ्या, आणि चवींपैकी कॉफीची असेल तर ती. पाण्याऐवजी कडक बिनसाखरेची कॉफी पूर्ण गार करून तिच्यात पावडर ढवळा, दुधाची भुकटी १५ ग्रॅम आणि मिठाची चिमूट घाला. गोडी बरीच दबते. चिवड्याचा डबा तेवढा वरच्या फळीवर.