जुन्या पायऱ्यांवर टाइल: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

सहकारनगरातल्या आमच्या जुन्या घराच्या बाहेरच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर यंदा मार्चमध्ये टाइल बसवल्या. कडक ऊन झालं, अख्खा पावसाळा झाला. टाइल जागच्या हलल्या नाहीत, पण त्याचं श्रेय मी टाइल कंपनीला देणार नाही.

मिस्त्रींनी आधी प्रत्येक पायरी हातोडीनं ठोकून पाहिली. भदभद वाजलं तिथला जुना कोबा उचकटला, बाकीच्याला टाचे मारले (माल धरावा म्हणून बारीक खाचा पाडल्या) आणि पुढच्या बाजूला मीटरमागे सेंटिमीटरभर ढाळ दिला. मोठी सर येऊन गेली तरी पाणी थांबत नाही. मागच्या कोपऱ्यात दरवर्षी शेवाळ धरायचं, ते यंदा दिसलं नाही.

अॅडहेसिव्ह बाहेरच्या कामाचं घेतलं आणि दात्यांच्या थापीनं पूर्ण पसरून टाइलच्या पाठीलाही लावायला सांगितलं. चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे लाडू ठेवून वर टाइल दाबायची, ही पद्धत बाहेर चालत नाही. मधल्या पोकळीत पाणी शिरतं आणि ऊन-पावसात कोपरा सुटतो.

टाइल मॅट, आर-११ घसरण-श्रेणीची, म्हणजे ओली असतानाही पाय धरणारी. आई ओल्या चपलांनी निर्धास्त उतरते, यातच सगळं आलं. मात्र हाच खरखरीतपणा सफाईला छळतो. जूनमध्ये शेजारची जांभळं पायऱ्यांवर पडली की फडकं फिरवून भागत नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं. टाइलवरचा डाग गेला. सांध्यातल्या सिमेंट ग्राउटमधला जांभळा डाग अजून आहे. थोडे जास्त पैसे गेले तरी इपॉक्सी ग्राउटच घ्या.

एक हिशेब बहुतेक जण विसरतात. टाइल आणि माल मिळून प्रत्येक पायरी दीड-दोन सेंटिमीटर वर येते. मधल्या पायऱ्यांचं एकमेकींत अंतर तेच राहतं, पण जमिनीपासूनची पहिली उंच होते, आणि वरचा ओटा तसाच ठेवला तर शेवटची बुटकी. पाय अडखळतो तो तिथंच. आम्ही ओट्यालाही टाइल केली आणि खाली फरसबंदी तेवढीच उचलली.

तक्रार कडेची. ठेकेदारानं पुढची कड ४५ अंशांत घासून जोडली. दिसायला झकास, पण सिलिंडर खाली नेताना दोन पायऱ्यांचे टवके उडाले. 'पुट्टी भरून देतो' म्हणाला होता, पावसाळ्याआधी. गोल कडेची अखंड स्टेप टाइल मिळत असेल तर तीच घ्या, आणि रंग फिका निवडा. आमच्या गडद राखाडीवर एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही.