सायकलसाठी नंबरचा चष्मा: इन्सर्ट की थेट नंबरच्या काचा? दोन्ही वापरल्यानंतर

वापर पुणे आणि आसपासच्या घाटांत, पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे चारच्या आसपास, सिलेंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) किरकोळ. एक चष्मा इन्सर्टचा: पुढे एकसंध, बिननंबरी मोठी काच आणि तिच्या मागे नाकापाशी क्लिपने बसणारी नंबरची छोटी फ्रेम. दुसरा थेट नंबरचा: चेहऱ्याला वळसा घालणारी फ्रेम आणि तिच्यातच नंबरच्या फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात काळ्या होणाऱ्या काचा. ऑफिसचा रोजचा चष्मा तुलनेला होताच.

ऑफिसच्या चष्म्याची अडचण वारा-धूळ एवढीच नाही. हात ड्रॉप्सवर (हँडलबारच्या खाली वळलेल्या भागावर) गेले की डोकं खाली झुकतं आणि नजर काचेच्या वरच्या भागातून बाहेर पडते. फ्रेमची वरची कड नेमकी रस्त्यावर येते. मग मान आणखी उचलली जाते, आणि तासाभरात मानेचा मागचा भाग आखडतो. हँडलबारची उंची बदलत बसण्याआधी काहींनी चष्मा तपासून पाहायला हरकत नाही.

म्हणून फ्रेम निवडण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व मोजमापाला आहे. ऑप्टिशियन ताठ बसवून बुबुळासमोर ठिपका मारतो. तो कॉम्प्युटरसाठी बरोबर, सायकलसाठी चुकीचा. हेल्मेट सोबत न्या. फ्रेम नाकावर आणि हेल्मेट डोक्यावर असताना काउंटरला हँडलबार समजून वाका, समोरच्या भिंतीवर नजर ठेवा आणि त्या अवस्थेत डेमो काचेवर मार्करने ठिपका मारून घ्या. तो ताठ बसलेल्या ठिपक्यापेक्षा निदान ३-४ मिलिमीटर वर येतो. पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बुबुळापर्यंतचं अंतर, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी घ्यायला सांगा. नाक क्वचितच बरोबर मध्यावर असतं.

हा ठिपका चुकला तर काय होतं? उणे चारच्या काचेतून मध्यापासून १० मिलिमीटर वर पाहिलं की ४ प्रिझम डायॉप्टर (एक मीटर अंतरावर ४ सेंटिमीटर) इतकं चित्र सरकतं. दोन्ही डोळ्यांत सारखंच सरकलं तर फारसं जाणवत नाही. पण एक डोळा उणे दोन आणि दुसरा उणे चार असेल, तर दोघांत २ प्रिझमचा उभा फरक पडतो. आडवा फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, उभा नाही. डोकं जड होतं, कधी खड्ड्याची कड दोनदा दिसते. डोळ्यांच्या नंबरांत असा फरक असणाऱ्यांनी वाकून मोजमाप घेतल्याशिवाय ऑर्डर देऊच नये.

थेट नंबरच्या चष्म्यात आणखी एक गोम आहे. वळसेदार फ्रेममध्ये काच डोळ्यासमोर सरळ नसून तिरकी बसते. पॉलिकार्बोनेटची (सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकची) सरळ उणे चारची काच २० अंशांनी वळवली, तर ती डोळ्याला साधारण उणे ४.१५ लागते आणि नसलेला उणे ०.५५ चा सिलेंडर वर येऊन बसतो. बाजूने जमीन हलल्यासारखी वाटते ती यामुळे. उपाय एकच: लॅबला फ्रेमचा वळसा, पुढचा झुकाव आणि काच-डोळा अंतर कळवून भरपाई केलेला नंबर बनवून घ्यायचा. अशी काच यंत्रावर तपासली की आकडा चिठ्ठीतल्या नंबरापेक्षा वेगळा येतो आणि दुकानदार ‘नंबर चुकलाय’ म्हणून परत पाठवायला निघतो. लॅबच्या पाकिटावर दोन नंबर छापलेले असतात, मागितलेला आणि भरपाईचा. ते पाकीट मागून घ्या. दुकानदाराला ही भानगड माहीतच नसेल, तर त्याच्याकडून साधा वाचायचा चष्मा करून घ्यावा, हा नको.

भरपाईसह बनवलेला थेट चष्मा सपाट रस्त्यावर आणि उतारावर इन्सर्टपेक्षा सरळ सरस. आपल्याकडे डावीकडून चालवायचं, म्हणजे मागून येणारा ट्रक पाहायला उजव्या खांद्यावरून मागे वळायचं. थेट काचेत तिथपर्यंत दिसतं. अगदी कडेला धूसर, पण वाहन आहे की नाही आणि किती जवळ, हे कळतं. इन्सर्टमध्ये नजर छोट्या फ्रेमबाहेर जाते आणि मागचा ट्रक म्हणजे नुसता रंगाचा डाग. डोळे न फिरवता अख्खी मान वळवायची सवय लावावी लागते, नाहीतर आरसा लावावा. इन्सर्टवरचा मोठा आक्षेप हाच, वाफेचा नाही.

वाफ मात्र आहेच. बोपदेव घाटात पावसात ताशी आठ-नऊ किलोमीटरने चढताना वारा जवळजवळ नसतो, आणि चेहऱ्याची ऊब, घाम, श्वास सगळं काचेमागे कोंडतं. इन्सर्टमध्ये वाफ धरायला दोन काचांचे चार पृष्ठभाग, त्यातले आतले दोन चालता-चालता पुसता येत नाहीत. पुढच्या काचेला वर-खाली खाचा असतील तर फरक पडतो. नाकाचे पॅड चिमटून चष्मा गालापासून सुटा ठेवा. चढावर तो नाकावर बोटभर खाली ओढला की हवा खेळते. धुताना भांड्याच्या साबणाचा अर्धा थेंब पातळसर पसरून तसाच वाळू दिला तर तासभर निभावतं. मुसळधार पावसात कशाचाच इलाज चालत नाही; चष्मा काढून हेल्मेटच्या खाचेत खोचायचा आणि हळू जायचं, अर्थात नंबर तेवढा कमी असेल तर.

इन्सर्टच्या काचेची जाडीही पाहा. साधारण ४५ मिलिमीटर रुंदीची, उणे चारची, १.५० इंडेक्सची (आकडा जितका जास्त, काच तितकी पातळ) काच कडेला सुमारे ४ मिलिमीटर भरते आणि पापण्यांना किंवा पुढच्या काचेला टेकते. १.६० घेतली की कड तीनच्या आसपास येते. उणे सहाच्या पुढे मात्र इन्सर्टशिवाय फारसा पर्याय राहत नाही; एवढा नंबर वळसेदार काचेत कोणी घालून दिला तरी कडा सुखाच्या नसतात.

थेट चष्म्यासाठी काच पॉलिकार्बोनेट किंवा तसल्याच न फुटणाऱ्या ट्रायवेक्सचीच. साखर हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे उडणारा कचरा आणि खडी पाहिली की कारण सांगावं लागत नाही. ट्रायवेक्स थोडी जाड होते, पण कडेला रंगाच्या झालरी कमी दिसतात: तिचा अ‍ॅबे आकडा (जितका जास्त, तितक्या झालरी कमी) ४३-४५, पॉलीचा ३० च्या आसपास. नंबर तीनच्या पुढे असेल तर हा फरक दिव्याच्या खांबाकडे तिरकं पाहताच कळतो.

फोटोक्रोमिक काच पहाटे निघून दुपारी परतणाऱ्यांसाठी सोयीची, पण तिच्याकडून अवास्तव अपेक्षा नको. ती गरम झाली की कमी काळी होते, म्हणजे एप्रिलच्या दुपारी, जेव्हा हवी असते तेव्हाच, फिकी राहते. काळी चटकन होते, पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटं घेते; उन्हातून एकदम दाट झाडीत उतार लागला तर आधी ब्रेक, मग वळण. ४०० किंवा ६०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्यांनी इन्सर्टसोबत पूर्ण पारदर्शक जादा काच ठेवावी. रात्री अ‍ॅन्टी-रिफ्लेक्शन लेप नसलेल्या इन्सर्टमध्ये समोरच्या हेडलाइटची दोन-दोन भुतं नाचतात. लेप निदान नंबरच्या काचांच्या दोन्ही बाजूंना हवाच.

पोलराइज्ड टाळा. ओल्या डांबराची चमक जाते, तिच्यासोबत तेलाचा डागही दिसेनासा होतो, आणि काही सायकल कॉम्प्युटरचा पडदा विशिष्ट कोनात काळा पडतो.

चाळिशी लागलेल्यांना कॉम्प्युटरचे आकडे वाचायचे असतात, आणि तो डोळ्यांपासून हाताच्या अंतरावर असतो, पुस्तकाइतका जवळ नाही. त्यामुळे वाचायचा पूर्ण नंबर घालून उपयोग नाही. त्याच्या साधारण निम्मा पुरतो. वरून खाली हळूहळू नंबर बदलणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेपेक्षा खाली छोटा बायफोकल तुकडा बरा, कारण कडेची दृष्टी शाबूत राहते.

टिकाऊपणात थेट चष्मा पुढे. इन्सर्टची नाकाची क्लिप रोजच्या काढ-घालीने सैल होते. खड्ड्यात ती टकटकायला लागली की बदलायची वेळ आली. दोन्हींचे नाकाचे रबर घामाने आणि सनस्क्रीनने कडक होतात, म्हणून सुटे पॅड मिळतात की नाही हे खरेदीआधीच विचारा. काड्या सरळ असाव्यात. कानामागे वळणाऱ्या काड्या हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतात. राइडवरून आल्यावर काचा आधी नळाखाली साध्या पाण्याने धुवा, मग साबणाचा थेंब, मग मायक्रोफायबर. जर्सीच्या टोकाने पुसलं की घामाचं मीठ आणि धूळच काचेवर घासली जाते. गरम पाणी आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड, दोन्ही लेपाला तडे घालतात.

खर्चाचं गणित नंबर बदलण्याच्या वेगावर ठरतं. इन्सर्टमध्ये नंबर बदलला की कोणत्याही चांगल्या दुकानात दोन छोट्या काचा घालून काम भागतं, आणि पुढची काच ओरखडली तर तेवढीच बदलते. थेट चष्म्यात दोन्ही प्रसंगी लॅबची पूर्ण किंमत पुन्हा मोजावी लागते. विशीतल्यांनी आणि ज्यांचा नंबर दरवर्षी सरकतो त्यांनी आरसा लावून इन्सर्टच घ्यावा.