इलेक्ट्रॉनिक मोजे: मापात बसले तरच गुण

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये स्वित्झर्लंडची मानुएला बेझोला ४९ किलो गटात उतरली, तेव्हा तायक्वांदोत गुण पंचांच्या बोटांवर होते. होगूवर, म्हणजे धडावरच्या संरक्षक कवचावर, लाथ दणदणीत वाजली, समोरची हलली, की कोपऱ्यातले पंच बटण दाबत. २०१२ च्या लंडनमध्ये दाएदो कंपनीची इलेक्ट्रॉनिक गुणयंत्रणा आली आणि कमी वजनाच्या मुलींचा खेळच बदलला.

मोज्यात पायाच्या ठरावीक जागी लोहचुंबक बसवलेले असतात. त्यात बॅटरी नसते, चार्जिंगची कटकट नाही. चुंबक जवळ आला का आणि आघात ठरलेल्या पातळीच्या वर गेला का, हे दोन्ही होगू तपासतो, मगच गुण ट्रान्समीटरमधून फलकावर जातो. ही पातळी वजनगटाप्रमाणे आणि स्त्री-पुरुष गटाप्रमाणे वेगळी लावतात. धडावरच्या साध्या लाथेला २ गुण. वळून मारली तर ४, पण त्यातले वरचे २ पंचच देतात. ठोशाचा १ गुणही त्यांचाच, कारण हातमोज्यात काही नसतं.

खरी गोम मापात आहे. मोजा सैल असला की दुसऱ्या फेरीपर्यंत चुंबक तळव्याकडे घसरतात. लाथ स्वच्छ बसते आणि फलक ढिम्म. म्हणून बुटाच्या मापावर विसंबू नका. अनवाणी पायाला घालून टाच नेमकी टाचेत बसते का, पायाच्या वरच्या बाजूला चुण्या पडतात का ते पाहा. होगूचंही तेच. पाठीमागचे बंद सैल बांधले तर तो फिरतो आणि बरगडीवरचा भाग पोटावर येतो. धडावरची न नोंदलेली लाथ व्हिडिओ रिप्लेवर मागता येत नाही, हे प्रशिक्षकांनी ध्यानात ठेवावं. तपासणीच्या टेबलावरच दोन्ही पायांनी मारून खात्री करावी. २०२२ पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या असतात, त्यामुळे गेलेली फेरी गेलीच.

एका कंपनीचे मोजे दुसरीच्या होगूवर चालत नाहीत. दाएदो की केपीएनपी, हे स्पर्धेच्या आयोजकांना विचारूनच पैसे घाला. जुना जोडही सांभाळून वापरा. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत, याच ४९ किलो गटात, तैवानची यांग शू-चुन ९-० ने पुढे असताना जुन्या मोज्याच्या टाचेवरच्या जादा सेन्सरपायी बाद झाली. तैवानात त्यावरून केवढा गदारोळ उठला!

यंत्रणेचा मोठा दोष मात्र मापाने सुटत नाही. तिला लाथेचा डौल कळत नाही. पुढचा पाय हवेत धरून टोचत राहणं, गळ्यात गळा असताना पाय वाकडा करून पाठीवर टेकवणं, यांनाही गुण मिळू लागले. तलवारबाजीच जणू, फक्त पायांनी. मग नियमच आवळावे लागले आणि अशा प्रकारांवर गाम-जोम हा दंड आला, म्हणजे समोरच्याला १ गुण. लांब पायांच्या मुलीला अजूनही थोडा फायदा होतो, तो होतोच.

मोजे थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. मशीनमध्ये शिवण उसवली की चुंबक आत फिरू लागतो; तसा जोड फक्त सरावाला ठेवा.