कस्टम्सचा दीड पौंडाचा मेसेज आणि पाच दिवसांनी आलेला फोन

२०२४ च्या दिवाळीचं फराळाचं पार्सल आईने ८ ऑक्टोबरला साताऱ्याहून स्पीड पोस्टने पाठवलं. आम्ही राहतो स्लाउला, लंडनच्या पश्चिमेला. खोक्यात चिवडा, चकली, कडबोळी, थालीपिठाची भाजणी आणि माझ्या लेकीसाठी खणाचं परकर-पोलकं होतं. बेसनाचे लाडू नव्हते, कारण ते साजूक तुपातले, आणि दुधातुपाचे पदार्थ भारतातून टपालाने इथे मागवायला बंदी आहे. हे आईला पटवायला दोन फोन लागले. मोठ्या पोस्टात जाऊन तिने आधार कार्डाची झेरॉक्स दिली, आत काय आहे त्याचा फॉर्म भरला, किंमत लिहिली, आणि पावतीचा व खोक्यावर चिकटवलेल्या फॉर्मचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मी फोटोतला नंबर टिपून घेतला आणि दिवसातून चार-चार वेळा पार्सल कुठे पोचलं ते बघू लागले. मुंबईहून निघालं, इथे उतरलं, आणि १५ तारखेपासून ‘कस्टम्सकडे’ एवढंच दिसत राहिलं.

१७ तारखेला, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत मेसेज आला. इथल्या टपाल कंपनीचं नाव वर होतं. तुमचं पार्सल कस्टम्समध्ये थांबलं आहे, १ पौंड ४९ पेन्स शुल्क भरा, ४८ तासांत न भरल्यास पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाईल. खाली लिंक.

मला आईची चकली डोळ्यांसमोर दिसली. तिची मनगटं दुखतात, सोऱ्या फिरवायला आता जोर लागतो, तरी तिने केली होती. ते सगळं दीड पौंडासाठी परत साताऱ्याला जाणार? मी केअर होमच्या स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या ती लिंक उघडली.

पान अगदी खरं वाटावं असं होतं. तोच रंग, तीच अक्षरं. नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे. त्याखाली ‘शुल्क परत करावं लागल्यास’ म्हणून सॉर्ट कोड, म्हणजे बँक आणि शाखा ओळखण्याचा आकडा, आणि खाते क्रमांक. दीड पौंडासाठी यांना माझी जन्मतारीख कशाला हवी, असं मला तेव्हा वाटलं नाही. आपण इथे आल्यापासून प्रत्येक कागदावर जन्मतारीख लिहितो. व्हिसा, भाड्याचं घर, मुलांची शाळा, डॉक्टरकडे नाव नोंदवणं, सगळीकडे. मागितली की द्यायची, हे अंगवळणी पडलेलं असतं. मी भरलं, ‘धन्यवाद’ असं आलं, आणि मी कामाला लागले. खात्यातून दीड पौंडसुद्धा कधी वजा झाले नाहीत. ते त्यांना नकोच होते.

पुढचे पाच दिवस काहीही झालं नाही, आणि हा मधला काळच खरा फसवा असतो. पाच दिवसांत माणूस तो मेसेज विसरून जातो.

मंगळवारी, २२ तारखेला, संध्याकाळी सातच्या सुमारास फोन आला. स्क्रीनवर माझ्या बँकेचा नंबर, माझ्या कार्डाच्या मागे छापलेला तोच. नवरा रात्रपाळीला निघून गेला होता, मी लेकीला भरवत होते. पलीकडचा माणूस शांत आणि अदबीने बोलणारा. माझं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख त्याने आधी स्वतःच सांगितली आणि बरोबर आहे ना म्हणून विचारलं. तुमच्या कार्डावरून बर्मिंगहॅमच्या एका दुकानात ८९९ पौंडांचा फोन घ्यायचा प्रयत्न झाला आहे, तो तुम्ही केला का? मी म्हटलं, नाही. मग त्याने जे विचारलं त्यानेच माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.

‘मॅडम, गेल्या काही दिवसांत पार्सलचं शुल्क भरा असा मेसेज तुम्हाला आला होता का? तुम्ही त्यावर कार्डाची माहिती दिलीत का?’

माझ्या पोटात खड्डा पडला. हो म्हणाले. तो म्हणाला, घाबरू नका, असं रोज शेकडो लोकांचं होतं, बरं झालं आम्ही वेळेत पकडलं. ज्यांनी मला लुटायचा डाव रचला होता त्यांनीच मला तो डाव समजावून सांगितला, आणि मी त्यांचे आभार मानले. हे पुन्हा पुन्हा वाचा असं मला सगळ्यांना सांगायचं आहे. पहिला मेसेज आणि दुसरा फोन हे एकच काम असतं. मेसेजमध्ये माहिती घ्यायची, आणि फोनवर तीच माहिती वापरून बँकेचे अधिकारी व्हायचं. स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

नंतरचं सगळं चाळीस मिनिटांत झालं. तुमचं खातं आता सुरक्षित नाही, तुमच्याच नावाने नवीन सुरक्षित खातं उघडलं आहे, पैसे तिकडे हलवा. मी ॲपमध्ये ते खातं टाकलं तर ‘नाव जुळत नाही’ असा इशारा आला. तो इशारा येण्याआधीच त्याने सांगून ठेवलं होतं की खातं आत्ताच उघडलंय, नाव दिसायला रात्र जाईल. ॲपने विचारलं, कोणी तुम्हाला फोनवरून हे करायला सांगत आहे का? तो म्हणाला, ‘नाही’ दाबा, नाहीतर तुमचं खातं गोठेल आणि पगारही अडकेल. आधी २,४०० पौंड गेले, मग १,८५०. व्हिसाच्या नूतनीकरणासाठी दीड वर्षं जमवलेले पैसे. शेवटी त्याने बजावलं, उद्या दुपारपर्यंत ॲप उघडू नका आणि कोणाशी बोलू नका, चौकशी चालू आहे.

‘कोणाशी बोलू नका’ हे मला टोचलं. लेक झोपल्यावर मी नवऱ्याला फोन केला. तो ऐकून घेतच एवढंच म्हणाला, ‘आत्ता १५९ लाव.’ १५९ हा इथला असा नंबर आहे की तो लावला की आपण आपल्या खऱ्या बँकेशी जोडले जातो. त्यांना कळवेपर्यंत अडीच तास होऊन गेले होते. इथे पैसे काही सेकंदांत पोचतात आणि तिथून पुढे फुटतात. समोरच्या खात्यात काहीच शिल्लक नव्हतं.

एक गोष्ट माझ्या नशिबाने झाली होती. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, म्हणजे माझ्या फोनच्या जेमतेम पंधरा दिवस आधी, नियम लागू झाला की अशा फसवणुकीत स्वतः पाठवलेले पैसेही बँकांनी ग्राहकाला भरून द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत. निम्मे पाठवणाऱ्या बँकेने, निम्मे घेणाऱ्या. १३ महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते आणि बँक १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते. माझी चौकशी लांबली, तीन वेळा तेच सगळं सांगावं लागलं, इशारे दिसूनही पुढे का गेलात असं विचारलं गेलं. चौथ्या आठवड्यात ४,१५० पौंड परत आले. पण हा नियम देशातल्या देशात पाठवलेल्या पैशांपुरता आहे. त्या फोनवरच्या माणसाने मला भारतातलं खातं दिलं असतं तर हे संरक्षण मिळालं नसतं.

मी लाजेने हे कोणाला सांगत नव्हते. शेवटी इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, तर त्याच आठवड्यात तोच मेसेज आणखी तिघींना आलेला. एकीने कार्डाची माहितीही भरली होती आणि तिला अजून फोन आला नव्हता. तिने त्याच रात्री कार्ड बंद केलं. मेसेज पाठवणाऱ्यांना आपल्या पार्सलबद्दल काहीही माहीत नसतं. ते हजारोंना पाठवतात, आणि दिवाळीच्या आधी आपल्यातल्या बहुतेकांचं काही ना काही वाटेत असतं. तेवढं त्यांना पुरतं. असा मेसेज आला तर तो ७७२६ वर पुढे पाठवा, तो कोणत्याही मोबाइल कंपनीकडून फुकट जातो.

२७ ऑक्टोबरला रविवारी आईचा फोन आला. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल सांगितलं होतं, ते तिने ऐकलं होतं. ‘अगं, पार्सलात ड्रग सापडलं म्हणून पोलिसांच्या वेशात व्हिडिओवर येतात म्हणे. मी तुला पार्सल पाठवलंय, मला आला असता तर मी घाबरलेच असते.’ तोवर मी तिला माझं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग आम्ही ठरवलं की पार्सलच्या नावाने तिला कोणाचाही फोन आला तर तो कापायचा आणि मला किंवा दादाला लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही, हे मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पार्सल २९ तारखेला आलं. दारात कोणी पैसे मागितले नाहीत. मागणारही नव्हते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेटवस्तू ३९ पौंडांपर्यंतची असेल तर तिच्यावर इथे व्हॅट लागत नाही, आणि कस्टम्स ड्युटीचा प्रश्न तर १३५ पौंडांच्या वर येतो. खरोखर काही भरायचं असलं तर टपाल कंपनी घरी कार्ड किंवा पत्र टाकते, त्यावर पार्सलचा नंबर असतो. भारतातून स्पीड पोस्टने आलेल्या पार्सलचा नंबर इंग्रजी ‘ई’ ने सुरू होतो, पुढे दुसरं अक्षर, नऊ आकडे, आणि शेवटी ‘आयएन’. मला आलेल्या मेसेजमध्ये नंबरच नव्हता.

चकल्या निम्म्या मोडल्या होत्या. लेकीने परकर तिथेच घालून बघितला. मी खोक्यावरचा फॉर्म वाचला. आईच्या अक्षरात ‘गिफ्ट’ या चौकटीत खूण, आणि किंमत २,४०० रुपये, म्हणजे बावीस पौंडांच्या आसपास. त्याचा फोटो ८ ऑक्टोबरपासून माझ्या फोनमध्ये होता.