फ्लूचा सबटाइप सांगणारं कार्ट्रिज मशीन, एक अख्खा सीझन वापरून झाल्यावर

डेमोच्या दिवशी लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो. लॅबमध्ये एक सीझन घासून झालाय, म्हणून आता लिहितोय.

वापरायला सोपं आहे. स्वॅब ज्या व्हीटीएममध्ये (व्हायरस टिकवणाऱ्या द्रवात) येतो ते नीट हलवायचं, ड्रॉपरने कार्ट्रिजमध्ये सोडायचं, झाकण टक् वाजेपर्यंत दाबायचं आणि आत सरकवायचं, बास. व्हायरसचा आरएनए (जनुकीय माल) काढण्यापासून पीसीआरपर्यंत (त्याच्या प्रती वाढवून तो शोधण्यापर्यंत) सगळं आतल्या आत, आणि तासाभरात स्क्रीनवर येतं की A आहे की B, A असेल तर 2009 च्या स्वाइन फ्लूवाला H1 की H3 (H आणि N ही व्हायरसच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं, त्यांच्यावरून सबटाइप ठरतो). पूर्वी बॅच भरायची वाट बघण्यातच अर्धा दिवस जायचा.

आमच्याकडे अँटिजेनची (व्हायरसचं प्रथिन पकडणारी) पट्टी पण आहे, 15 मिनिटांत रेघ दाखवते, पण पॉझिटिव्ह आली तरच खरी धरायची. निगेटिव्हवर माझा विश्वास नाही, अशा बऱ्याच किटची सेन्सिटिव्हिटी 50 ते 70 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फ्लूचे कितीतरी पेशंट हातातून निसटतात. आणि सबटाइप तर ती सांगतच नाही.

एक गंमत, हे मशीन फक्त H बघतं, N आपण गृहीत धरायचा. पुस्तकात H चे 18 आणि N चे 11 प्रकार आहेत, पण माणसांत दर सीझनला फिरतात ते H1N1 आणि H3N2 च, त्यामुळे सहसा अडत नाही.

अडलं एकदाच. रात्रीची ड्युटी, रिपोर्ट आला A पॉझिटिव्ह, H1 निगेटिव्ह, H3 पण निगेटिव्ह. पोटात गोळाच आला राव, कारण डोक्यात पहिलं येतं ते H5, म्हणजे बर्ड फ्लू. मग Ct (पीसीआरच्या कितव्या फेरीला व्हायरस दिसला तो आकडा, जितका मोठा तितका व्हायरस कमी) बघितला तर 36, म्हणजे व्हायरस अगदी नावाला, आणि एवढ्या कमी मालात A चा मॅट्रिक्स जीन (सगळ्या A मध्ये जवळपास सारखाच असतो तो) सापडतो पण H चा टार्गेट हुकू शकतो. स्वॅब बहुतेक नाकाच्या तोंडाशीच फिरवून आणलेला. नवीन सॅम्पल मागवलं, Ct 24, H3. जीव भांड्यात पडला. पण Ct असा चांगला असून सबटाइप लागला नसता तर ते सॅम्पल थेट रेफरन्स लॅबला, तिथे गप्प बसायचं नसतं. मशीन हा फरक स्वतः सांगत नाही, दोन्हीला एकच मेसेज देतं, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

बाकी तक्रारी किरकोळ. एका वेळी एकच कार्ट्रिज चालतं, दहा सॅम्पल एकदम आले की रांग लागते. शेंबूड घट्ट असेल तर इनव्हॅलिड दाखवतं आणि कार्ट्रिज वाया.

डॉक्टर विचारतात, औषध दोन्हीला तेच, ओसेल्टामिविर, तेही शक्यतो 48 तासांच्या आत, मग सबटाइप घेऊन करू काय? समोरच्या पेशंटपुरतं खरंय त्यांचं. त्यात औषधाला दाद न देणारं H275Y म्युटेशन वगैरे हे मशीन दाखवत नाहीच, त्याची टेस्ट वेगळी. पण यंदा काय फिरतंय आणि त्यात कोणी पाहुणा घुसलाय का, हे पहिल्यांदा कळतं ते आमच्याच टेबलावर.

चार स्टार. घेणार असाल तर Ct दिसणारंच मॉडेल घ्या, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दाखवणारं असतं तर त्या रात्री मी काय केलं असतं कोणास ठाऊक.