टाकी, मोटार आणि ओल: उनो, ईएसपी३२ की पिको?

मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे सेन्सर वाचून यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपचा, पहिला बोर्ड घेणारे बहुतेक जण आर्डुइनो उनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको या तिघांपाशी येऊन थांबतात. उनोच्या प्रतिकृती धरल्या तर तिघांच्या किमतींत आज फारसे अंतर राहिलेले नाही, त्यामुळे पैशांवरून निर्णय होत नाही. आणि नुसत्या वेगाच्या व स्मृतीच्या आकड्यांवरून तो करूही नये, असे माझे मत आहे. मराठवाड्यातल्या घरात हा छंद लवकरच पाण्याकडे वळतो. गच्चीवरची टाकी किती भरली, नळाला पाणी आले का, बोअरची मोटार कोरडी तर चालत नाही ना, मोसंबीच्या मुळाशी ओल किती आहे, हे प्रश्न इथे रोजचे आहेत. ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात ते स्वाभाविकही आहे. म्हणून हे तीन बोर्ड इथल्या पाण्याशी, विजेशी आणि उन्हाशी कसे वागतात, यावरूनच त्यांची तुलना केली आहे.

आकडे थोडक्यात असे. उनोच्या आर३ आवृत्तीत ॲटमेगा३२८पी ही ८ बिटची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिच्यात २ किलोबाइट रॅम असते. ईएसपी३२ मध्ये २४० मेगाहर्ट्झपर्यंतचे दोन कोअर (सूचना पाळणारे भाग), ५२० किलोबाइट रॅम आणि चिपमध्येच वाय-फाय व ब्लूटूथ आहे. २०२१ साली आलेल्या पिकोत १३३ मेगाहर्ट्झचे दोन कोअर आणि २६४ किलोबाइट रॅम आहे. वाय-फाय हवे असल्यास पिको डब्ल्यू घ्यावा लागतो. पाण्याची पातळी मोजून दिवा लावायला २ किलोबाइटही भरपूर होतात. खरा फरक दोनच गोष्टींत आहे: उनो ५ व्होल्टवर चालतो आणि बाकीचे दोघे ३.३ व्होल्टवर, आणि उनोला व साध्या पिकोला स्वतःहून घराबाहेर बातमी कळवता येत नाही.

व्होल्टचा फरक नवशिक्याला पहिल्याच जोडणीत भेटतो. टाकीसाठी सर्रास घेतला जाणारा एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींचा सेन्सर ५ व्होल्टचा आहे आणि त्याच्या इको पिनवर (प्रतिध्वनी परत आल्याचा इशारा देणाऱ्या पायावर) तितकाच विद्युत दाब (व्होल्टेज) येतो. उनोला तो थेट जोडता येतो; ईएसपी३२ किंवा पिकोला जोडताना मध्ये दोन रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे छोटे भाग) घालून दाब उतरवावा लागतो, अन्यथा पिन निकामी होण्याची भीती असते. साधे ५ व्होल्टचे रिले मॉड्यूलही (इशाऱ्यावर दुसरा विद्युतमार्ग चालू-बंद करणारा स्विच) ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यावर कधीकधी नीट बंद होत नाही. शिवाय उनोची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असेल, तर चुकीच्या जोडणीने ती जळाल्यावर तेवढीच बदलता येते. जोडणी शिकण्यासाठी उनो हाच सर्वांत क्षमाशील बोर्ड आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही.

सेन्सरविषयी एक गोष्ट मात्र तिन्ही बोर्डांना लागू आहे, आणि आपल्याकडे ती विशेष महत्त्वाची आहे. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४२ अंशांना सुमारे ३५७ मीटर असतो. प्रोग्राममध्ये ३४३ हा आकडा कायमचा लिहून ठेवला, तर मे महिन्याच्या दुपारी एक मीटर खाली असलेले पाणी जवळजवळ ४ सेंटिमीटर वर आल्यासारखे दिसते, म्हणजे टंचाईच्या दिवसांतच टाकी असेल त्यापेक्षा जास्त भरलेली भासते. डीएस१८बी२० सारखा तापमानाचा सेन्सर शेजारी लावून ही दुरुस्ती करता येते. ज्यांना फक्त टाकी भरली की मोटार बंद व्हावी एवढेच हवे आहे, त्यांनी साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) लावावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात पातळी ओळखणारे उघड्या तारांचे प्रोब फार टिकत नाहीत, कारण त्यांच्यावर क्षारांचा थर बसतो आणि विद्युत्-अपघटनाने धातू झिजतो. फ्लोटला ही अडचण जवळजवळ नाही.

ईएसपी३२ ची बाजू अंतरामुळे बळकट होते. गच्चीवरच्या टाकीपासून खालच्या खोलीपर्यंत तार ओढली, तर एचसी-एसआर०४ चा इशारा लांब तारेत बिघडतो आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की तीच तार दाबाचा झटका थेट बोर्डापर्यंत आणू शकते. टाकीपाशीच ईएसपी३२ ठेवून वाय-फायने पातळी कळवली, तर ती तारच नको. बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय पकडतो आणि सिमेंटचा स्लॅब संकेत बराच खातो, म्हणून जागा ठरवण्यापूर्वी मोबाईल हातात घेऊन तिथे संकेत येतो का, हे पाहून घ्यावे.

वीज जाऊन येण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि बहुतेक तुलनांमध्ये तो येतच नाही. प्रोग्राम तिन्ही बोर्डांत टिकतो. वेळ टिकत नाही. ईएसपी३२ इंटरनेटवरून ती पुन्हा मिळवतो, पण वीज आल्यानंतर राउटर उभा राहीपर्यंत त्याला थांबावे लागते. उनोला व साध्या पिकोला मात्र नाणे-सेलवर चालणारे डीएस३२३१ हे घड्याळ जोडून द्यावे लागते. दुसरी बाब अशी की ईएसपी३२ सुरू होताना ५, १४ आणि १५ या पिनांवर क्षणभर आपोआप इशारा येतो. तिथे रिले जोडला असेल, तर वीज परतताच तो क्षणभर फडफडू शकतो. रिलेसाठी २५, २६ किंवा २७ क्रमांकाची पिन घ्यावी आणि रिले बंद राहील अशा बाजूला रेझिस्टरने ती ओढून ठेवावी. शेतातल्या स्टार्टरवर ऑटो स्विच लावलेला असेल, तर वीज येताच परिसरातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो. आपण प्रोग्राम लिहितो आहोत तर वीज आल्यावर काही मिनिटे थांबून, आणि प्रत्येक बोर्डाला वेगळा विलंब देऊन, मोटार सुरू करणे सहज शक्य आहे. मोटार चालू-बंद करण्याचा निर्णय बोर्डानेच घ्यावा. इंटरनेटवर तो सोपवला, तर नेटवर्क गेल्याच्या दिवशी बोअर कोरडा पडूनही मोटार चालत राहील. कोणताही बोर्ड असो, त्याच्या छोट्या रिलेतून मोटारीचा प्रवाह नेऊ नये. रिलेने फक्त स्टार्टरमधल्या काँटॅक्टरची (मोटारीचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचची) कॉइल चालवावी आणि ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

घर सोडून शेतात गेल्यावर हिशेब बदलतो. तिथे वाय-फाय नसते, त्यामुळे ईएसपी३२ चा मुख्य गुण निरुपयोगी ठरतो आणि लोरा (कमी विजेवर लांबपर्यंत संदेश पाठवणारा रेडिओ) मॉड्यूल घ्यावे लागते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात त्यासाठी परवाना लागत नाही. ही मॉड्यूले ३.३ व्होल्टची असल्याने पिको त्यांना थेट जुळतो आणि उनो अडतो. बॅटरीच्या बाबतीत ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत केवळ १० मायक्रोअँपियरच्या आसपास प्रवाह घेते खरी, पण बाजारातल्या पूर्ण बोर्डावरचे इतर भाग मिळून काही मिलिअँपियर खातात. पत्र्याच्या पेटीत लिथियम सेल ठेवू नये. ४५ अंशांच्या वर तो चार्ज करणे योग्य नसते आणि उन्हातली पेटी ती मर्यादा सहज ओलांडते. ओल मोजण्यासाठी कपॅसिटिव्ह (उघडा धातू मातीला न लावता ओल ओळखणारा) सेन्सर घ्यावा, पण काळ्या जमिनीला भेगा पडल्या की सेन्सर आणि माती यांच्यात हवा शिरते आणि आजूबाजूला ओल असूनही तो कोरडे दाखवतो. हा दोष कोणत्याच बोर्डाने सुटत नाही. सेन्सर पुन्हा माती दाबून बसवावा लागतो.

घरातल्या मुलाला प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी मी पिको देईन, कारण त्यावर मायक्रोपायथन (पायथन या प्रोग्रामिंग भाषेची छोटी आवृत्ती) काही मिनिटांत चालू होते आणि प्रत्येक ओळीचा परिणाम लगेच दिसतो. जोडणीपासून सुरुवात करणाऱ्याने उनो घ्यावा. ज्याला टाकीची पातळी मोबाईलवर पाहायचीच आहे, त्याने थेट ईएसपी३२ घ्यायला हरकत नाही, मात्र सोबत मल्टिमीटर घ्यावा आणि इको पिनचा दाब मोजूनच ती बोर्डाला जोडावी. भाग कुरिअरने मागवताना दोन गोष्टी चित्रात पाहून घ्याव्यात: उनोवरची चिप लांब, दोन्ही बाजूंना पाय असलेली आणि सॉकेटमध्ये बसवलेली आहे ना, आणि ईएसपी३२ चा बोर्ड फार रुंद नाही ना, कारण रुंद बोर्ड ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर) बसवला की एका बाजूला तार खोचायला भोकच उरत नाही.